धोका दुप्पट, पण मुळात किती?

ऑक्टोबर 1995. ब्रिटनमध्ये औषधांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी समितीने डॉक्टरांना तातडीची पत्रं धाडली. काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे पायाच्या किंवा फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या सुमारे दुप्पट होतो, असं त्यांत म्हटलं होतं. बातमी टीव्हीवर, पेपरांत झळकली. घाबरलेल्या कितीतरी बायकांनी गोळ्याच बंद केल्या.

मूळ आकडे असे होते: जुन्या गोळ्या घेणाऱ्या 7,000 बायकांमागे वर्षाला साधारण एकीला गुठळी व्हायची, नव्या गोळ्यांवर दोघींना. एकाचे दोन झाले म्हणजे दुप्पट, यात खोटं काहीच नाही. 100 टक्के वाढ म्हटलं तरी ते खरंच. पण प्रत्यक्षात फरक पडला तो 7,000 मध्ये एका बाईचा. शिवाय गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर गुठळीचा धोका या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो, हे त्या गदारोळात बाजूला पडलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये पुढच्या वर्षभरात सुमारे 13,000 गर्भपात जास्तीचे झाले, असा अंदाज आहे. आधीची काही वर्षं ही संख्या घटत चालली होती. मला या प्रकरणाचं फार वाईट वाटतं, कारण त्या बायकांना एक साधा आकडा कोणी सांगितला असता, तर बऱ्याच जणींचं हे दुःख टळलं असतं.

‘दुप्पट’, ‘निम्मा’, ‘31 टक्क्यांनी कमी’ ही भाषा तुलनेची. तिला सापेक्ष धोका म्हणतात. हजार माणसांत प्रत्यक्ष किती जणांना त्रास झाला, हा निरपेक्ष धोका. जाहिरातींत आणि मथळ्यांत बहुतेक वेळा पहिलाच असतो. तो मोठा दिसतो ना!

हीच गोष्ट फायद्याची. कोलेस्टेरॉल वाढलेल्या, पण पूर्वी हार्ट अटॅक न आलेल्या 6,595 पुरुषांवर स्कॉटलंडमध्ये एक चाचणी झाली. निम्म्यांना प्रावास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं, म्हणजे तब्येतीने बरे ते सगळे एकाच गटात जायला नकोत. सुमारे पाच वर्षांनी निष्कर्ष आला: हार्ट अटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचं प्रमाण 31 टक्क्यांनी घटलं.

आता हजार-हजार माणसं समोर बसवू. औषधाविना 79 जणांना हा प्रसंग आला, औषध घेऊन 55 जणांना. वाचले 24. म्हणजे एकाचा अटॅक टाळायला साधारण 42 जणांनी पाच वर्षं रोज गोळी घ्यायची. माझ्या मते हा फायदा चांगलाच आहे; पण ‘31 टक्के’ ऐकून मनात जे चित्र उभं राहतं, ते हे नव्हे.

म्हणून डॉक्टरांना विचारावं, ‘माझ्यासारख्या हजार जणांत किती?’ यातलं ‘माझ्यासारख्या’ महत्त्वाचं. समजा, 31 टक्क्यांची घट सगळ्यांना सारखीच लागू पडते. तरी ज्यांच्यात मुळात हजारी 10 जणांनाच अटॅक येणार, त्यांच्यातले तिघेच वाचतील. आधी एक अटॅक येऊन गेलेल्यांत समजा हजारी 200 जणांना पुन्हा येणार असेल, तर तीच गोळी 62 जणांना वाचवेल.