ठिणगी पडायची शक्यता वेगळी, आग पसरायचा धोका वेगळा

आपल्याकडं चिक्कोडी, रायबाग, अथणी भागात उसाचा फड पेटला की पहिला प्रश्न ठरलेला, तार कुठली लोंबकळत होती? प्रश्न बरोबर आहे पण अर्धाच आहे. कॅलिफोर्नियातल्या वीज कंपन्या वणवे टाळायला जे रिस्क मॉडेल, म्हणजे धोका मोजायचं गणित, वापरतात त्यात दोन आकडे वेगवेगळे काढतात, आणि बहुतेक लोक ते एकच समजतात.

पहिला आकडा, या लाइनवरून ठिणगी पडायची शक्यता किती. खांब किती जुना, जॉइंट सैल आहे का, फांदी किती जवळ, आधी किती फॉल्ट झाले, असलं सगळं त्यात येतं. दुसरा आकडा, ठिणगी पडलीच तर आग कुठवर जाणार. खाली गवत किती वाळलंय, हवेत ओल किती, चढ कुठं, वाऱ्याच्या तोंडाला वस्ती आहे का, तिथनं बाहेर पडायला रस्ते किती, हे धरून कॉम्प्युटरवर हजारो वेळा आग लावून बघतात. मग दोन्हीचा गुणाकार.

म्हणून नांगरून पडलेल्या रानावर दोन तारा रोज एकमेकींना घासत असल्या तरी तिथला धोका कमी निघू शकतो, कारण खाली ढेकळंच आहेत, आणि तोडणीला आलेल्या फडावरची बऱ्यापैकी धड लाइन यादीत वर येते, कारण खाली गुडघाभर वाळलेलं पाचट आणि फडाला लागूनच घरं. माझ्या मते पहिल्या आकड्यावरच काम करणं ही सगळ्यात महाग चूक आहे. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात 'कॅम्प फायर' नावाचा वणवा लागला, त्यात पीजी अँड ई या तिथल्या वीज कंपनीच्या टॉवरवरचा जवळपास शंभर वर्षं जुना, झिजलेला हुक तुटला. मोडला एक हुक, पण वारं आणि कोरडं रान असं होतं की पॅराडाइज गाव जवळपास अख्खं जळालं आणि ८५ माणसं गेली.

वाऱ्याचं मात्र वेगळं आहे, ते दोन्ही आकडे एकदम वाढवतं. तारा घासतात, फांद्या पडतात आणि आगही तेच पुढं ढकलतं. म्हणून तिकडं अशा दिवशी आधी कळवून करंटच बंद करतात. आपल्या लोडशेडिंगशी त्याचा संबंध नाही, तिथं वीज कमी पडलेली नसते. त्यानं पहिला आकडा जवळजवळ शून्यावर येतो पण दुसरा तसाच राहतो, शेजारी कुणी काडी टाकली तर रान तेवढंच पेटणार. आणि घरी ऑक्सिजनच्या मशीनवर असलेल्या माणसाचं काय, हाही हिशोब धरावाच लागतो. फांद्या छाटणं, तारांवर कव्हर घालणं, फॉल्ट होताच लाइन झटक्यात ट्रिप करणं हे पण पहिल्याच आकड्याचे उपाय, दुसऱ्यासाठी वाळलेलं गवत काढायला लागतं, वस्तीभोवती जागा मोकळी ठेवायला लागते.

त्यामुळं लाइनमनकडं तक्रार देताना नुसतं 'तार खाली आलीय' असं लिहू नका, खाली काय उभं आहे, ते किती वाळलंय आणि घरं किती फुटांवर आहेत तेही लिहा.