स्टोरेज अ‍ॅरेची कामगिरी : मोजमाप आणि सुधारणा

बँक, टेलिकॉम कंपनी, मोठं हॉस्पिटल अशा ठिकाणचा डेटा प्रत्येक सर्व्हरच्या पोटात न ठेवता वेगळ्या कपाटात एकत्र ठेवतात. त्या कपाटात दहा-वीसपासून शेकड्यांपर्यंत डिस्क किंवा फ्लॅश ड्राइव्ह, त्यांच्यापुढे बहुतेक वेळा दोन कंट्रोलर (सगळं काम हाकणारे संगणक) आणि कंट्रोलरमध्ये कॅशे, म्हणजे डेटा तात्पुरता ठेवायची वेगवान मेमरी असते, हाच स्टोरेज अ‍ॅरे. बरेच सर्व्हर फायबर चॅनेल किंवा इथरनेटवरून त्याला जोडलेले असतात, त्यामुळे तो मंदावला की एखादंच अ‍ॅप्लिकेशन अडत नाही, सगळीच एकदम रखडतात. अ‍ॅरे किती वेगाने उत्तर देतोय हे मोजत राहणं, कुठे अडतंय ते शोधणं आणि नेमकं तेवढंच दुरुस्त करणं हा या नोंदीचा विषय. पुण्यात व्हेरिटाससारख्या स्टोरेज सॉफ्टवेअर कंपनीचं डेव्हलपमेंट सेंटर बरीच वर्षं होतं, त्यामुळे या क्षेत्रात मराठी माणसं भरपूर आहेत, पण कामात सगळे लेटन्सी, लन (सर्व्हरला एक डिस्क म्हणून दिसणारा अ‍ॅरेतला जागेचा तुकडा), कॅशे हेच शब्द बोलतात, म्हणून इथेही तेच ठेवलेत.

मुख्य आकडे तीन. एका सेकंदात किती रिक्वेस्ट पुऱ्या झाल्या ते आयओपीएस, किती मेगाबाइट सरकले ते थ्रूपुट, आणि एक रिक्वेस्ट परत यायला किती वेळ लागला ती लेटन्सी. ब्लॉक साइज सांगितल्याशिवाय आयओपीएसच्या आकड्याला फारसा अर्थ नाही, कारण १ लाख आयओपीएस ४ केबीच्या ब्लॉकने म्हणजे सेकंदाला साधारण ४०० एमबी आणि तेच ६४ केबीच्या ब्लॉकने म्हणजे ६ जीबीच्या वर. डेटाबेसवर बसलेल्या माणसाला मात्र फक्त लेटन्सी जाणवते, त्यामुळे या नोंदीत तीच मध्यवर्ती धरली आहे.

उगम : आयबीएमचं १९५६ चं रॅमॅक हे पहिलं डिस्क युनिट, ५० तबकड्या, सुमारे ५० लाख अक्षरांची जागा आणि एक नोंद गाठायला सरासरी ०.६ सेकंद. पण बऱ्याच डिस्क जोडून त्यांचा एक अ‍ॅरे करायची कल्पना नक्की कोणाची, यावर एकमत नाही. सर्वसाधारणपणे श्रेय अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांना देतात, त्यांचा निबंध १९८८ ला प्रसिद्ध झाला (टेक्निकल रिपोर्ट म्हणून तो १९८७ च्या शेवटी आलेला, म्हणून काही ठिकाणी १९८७ हे साल दिसतं). रेड (रिडंडंट अ‍ॅरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स) हे नाव तिथलं. मात्र आयबीएमच्या नॉर्मन केन ओउची यांना १९७८ मध्ये मिळालेल्या पेटंटमध्ये, एक मेमरी युनिट बिघडलं तर बाकीच्यांवरून आणि पॅरिटीवरून (डेटावरून हिशोब करून ठेवलेल्या जादा माहितीवरून) त्यातला डेटा परत कसा काढायचा हे आधीच सांगितलेलं आहे, पुढे ज्याला रेड ४ म्हणू लागले ते जवळपास हेच. डेक ही संगणक कंपनी १९८३ च्या सुमारास मिरर केलेल्या (एकाच डेटाच्या दोन प्रती ठेवणाऱ्या) डिस्क विकत होती, आणि नंतर ज्याला रेड ५ नाव पडलं त्या रचनेसाठी आयबीएममध्येच १९८६ ला पेटंट अर्ज झाला होता. म्हणजे मिररिंग आणि पॅरिटी या दोन्ही गोष्टी बर्कलीच्या आधीच्या, हे मान्य करावंच लागतं. तरी कामगिरीच्या अंगाने पाहिलं तर बर्कलीचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण रेडच्या प्रत्येक लेव्हलला (म्हणजे प्रकाराला) मोठे रीड, छोटे रीड, मोठे राइट, छोटे राइट यांचा वेग किती पडतो याचा एकाच मापाने हिशोब त्यांनी मांडला. प्रोसेसर झपाट्याने वेगवान होतोय आणि डिस्क मागे राहतेय ही त्यांची मूळ चिंता होती. रेडमधल्या पहिल्या आर चा अर्थ रिडंडंट, यावर वाद नाही, शेवटून दुसरा आय मात्र मुळात इनएक्स्पेन्सिव्ह म्हणजे स्वस्त असा होता आणि नंतर इंडस्ट्रीत इंडिपेंडंट असा झाला.

कॅशेची परंपरा वेगळी आहे, ती मेनफ्रेममधून आली. आयबीएमने ८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच कॅशे असलेले डिस्क कंट्रोलर काढले होते, पण छोट्या डिस्कच्या रांगा आणि त्यांच्यापुढे भलीमोठी कॅशे हा साचा गाजला तो ईएमसी या स्टोरेज कंपनीच्या सिमेट्रिक्समुळे, साल १९९०, मोशे यानाई यांच्या टीमने केलेला. आजचा अ‍ॅरे या दोन्ही धाग्यांतून आला आहे आणि म्हणूनच त्याचं मोजमाप गुंतागुंतीचं आहे, अर्धं उत्तर कॅशेतून येतं आणि अर्धं डिस्कवरून.

रांगेचं गणित : अ‍ॅरेच्या आत प्रत्येक ठिकाणी रांग लागते, पोर्टवर, कंट्रोलरच्या प्रोसेसरवर, कॅशेत, डिस्कवर. इथे लिटलचा नियम लागू पडतो, कोणत्याही क्षणी रांगेत असलेल्या रिक्वेस्ट म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकीला लागणारा वेळ. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला, सिद्धतेशिवाय वापर आधीही होत होता (१९५४ मधल्या कोबॅम यांच्या लेखात तो गृहीत धरलेला दिसतो). ८,००० आयओपीएस आणि ५ मिलिसेकंद लेटन्सी असेल तर सतत ४० रिक्वेस्ट हवेत तरंगत असतात, आता सर्व्हरवर त्या लनची क्यू डेप्थ (एकाच वेळी किती रिक्वेस्ट बाहेर पाठवता येतात ती मर्यादा) ३२ च असेल तर ५ मिलिसेकंदांत ६,४०० च्या वर आयओपीएस जाणारच नाहीत, अ‍ॅरे कितीही दमदार असला तरी, आणि उरलेला वेळ सर्व्हरच्या आतच वाट बघण्यात जाईल. हे ओळखता न आल्यामुळे अ‍ॅरेला दोष दिला जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे व्यस्तता वाढली की लेटन्सी सरळ रेषेत वाढत नाही. एका खिडकीच्या साध्या रांगेचं सूत्र घेतलं तर ५० टक्के व्यस्ततेला वेळ दुप्पट होतो, ८० टक्क्यांना पाचपट आणि ९० ला दहापट. म्हणून दोन कंट्रोलरच्या अ‍ॅरेत दोघंही ७० टक्क्यांवर चालत असतील आणि सगळं सुरळीत दिसत असेल तरी ती स्थिती धोक्याची, एक कंट्रोलर पडला की दुसऱ्यावर १४० टक्के काम येणार. प्रत्येकी ५० च्या आत ठेवायचं हा जुना नियम अजूनही बरोबर आहे.

डिस्क आणि राइट पेनल्टी : १५,००० आरपीएमची डिस्क एक फेरा ४ मिलिसेकंदांत घेते, सरासरी अर्धा फेरा म्हणजे २, त्यात हेड सरकायचे साधारण ३.५ धरले की ५.५ मिलिसेकंद, म्हणजे १८० च्या आसपास आयओपीएस. ७,२०० आरपीएमला हाच हिशोब ८० च्या आत येतो. त्यावर रेडचा भार. छोट्या राइटला रेड १० (मिररिंग) मध्ये दोन आयओ, म्हणजे डिस्कवरचे रीड किंवा राइट, पडतात, रेड ५ मध्ये चार (जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, दोन्ही नवीन लिहा), रेड ६ मध्ये पॅरिटी दोन असल्याने सहा. ८,००० आयओपीएसचं काम, त्यात ७० टक्के रीड, असं धरलं आणि कॅशे बाजूला ठेवली तर डिस्कवर रेड १० मध्ये १०,४००, रेड ५ मध्ये १५,२०० आणि रेड ६ मध्ये २०,००० आयओ पडतात, म्हणजे १५,००० आरपीएमच्या अनुक्रमे ५८, ८५ आणि ११२ डिस्क. जागा टीबीमध्ये मोजून अ‍ॅरे विकत घेतला की इथे फसगत होते, जागा पुरते पण डिस्क कमी पडतात. पूर्ण स्ट्राइप (सगळ्या डिस्कवर पसरलेली डेटा-पॅरिटीची एक ओळ) एकदम लिहिता आली तर जुनं वाचावं लागत नाही आणि पेनल्टी जवळपास जाते, नेटअ‍ॅपच्या वॅफल फाइल सिस्टिमची (निबंध १९९४ चा) रचना बऱ्याच अंशी याच फायद्यासाठी आहे.

कॅशे : राइट आला की तो दोन्ही कंट्रोलरच्या कॅशेत उतरतो आणि लगेच झालं असं कळवलं जातं, डिस्कवर सावकाश जातो. वीज गेली तर डेटा जाऊ नये म्हणून बॅटरी असते, ती संपत आली की बरेच अ‍ॅरे आपण होऊन थेट डिस्कवर लिहायला लागतात आणि कालपर्यंत १ मिलिसेकंदाच्या आत होणारा राइट आज कित्येक पटीने हळू होतो. अचानक सगळे राइट हळू झाले तर आधी बॅटरी आणि कंट्रोलरची तब्येत बघावी. दुसरं लक्षण कॅशेत साचलेल्या राइटचं प्रमाण, डिस्क उपसू शकत नसतील तर ते चढत जातं आणि मर्यादेला टेकलं की नवीन राइटला डिस्कच्या वेगाने थांबावं लागतं.

मोजायचं कुठे : याचं सगळ्यात नीट उत्तर अजूनही मेनफ्रेमकडे आहे. आयबीएमचं आरएमएफ हे मोजमापाचं सॉफ्टवेअर रिस्पॉन्स टाइमचे चार तुकडे करून दाखवतं, आयओएसक्यू म्हणजे सिस्टिमच्या आतलीच वाट, पेंड म्हणजे रस्ता मोकळा व्हायची वाट, डिस्कनेक्ट म्हणजे बहुतेक वेळा कॅशेत न मिळाल्याने डिस्कपर्यंत गेलेला वेळ, आणि कनेक्ट म्हणजे प्रत्यक्ष डेटा सरकण्याचा. कोणता तुकडा फुगलाय त्यावर उपाय ठरतो, आयओएसक्यू फुगला तर डिस्क वाढवून काहीच होत नाही, त्यासाठी १९९९ च्या ईएसएस अ‍ॅरेबरोबर पॅरलल अ‍ॅक्सेस व्हॉल्यूम आले, म्हणजे एकाच व्हॉल्यूमवर एकाच वेळी अनेक आयओ करायची सोय. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सटॉपमध्ये याचीच लहान आवृत्ती आहे, डीएव्हीजी म्हणजे होस्टच्या (सर्व्हरच्या) बाहेरचा वेळ, केएव्हीजी म्हणजे कर्नेलमधला आणि जीएव्हीजी ही दोघांची बेरीज, केएव्हीजी शून्याजवळ नसेल तर अडचण होस्टमध्ये शोधायची. लिनक्सच्या आयओस्टॅटमध्ये अवेट, म्हणजे रिक्वेस्टला लागलेला सरासरी वेळ बघावा. युटिलायझेशनचा टक्का अ‍ॅरेच्या बाबतीत दिशाभूल करतो, एकाच वेळी बरीच कामं करणाऱ्या डिव्हाइसवर १०० टक्के म्हणजे फक्त सतत काहीतरी चालू होतं एवढंच, तो भरलाय असं नाही. एसव्हीसीटीएम (सर्व्हिस टाइम) हा कॉलम तर भरवशाचा नाही म्हणून शेवटी काढूनच टाकला.

सरासरीपासून जपून राहावं. १०० रिक्वेस्टपैकी ९९ एका मिलिसेकंदात आणि एक १०१ मिलिसेकंदांत आली तर सरासरी २ मिलिसेकंद दिसते आणि ती कोणत्याच रिक्वेस्टची खरी नाही. तसंच ५ मिनिटांच्या सॅम्पलमध्ये १० सेकंदांचा ४० मिलिसेकंदांचा झटका विरघळून जातो, बाकी वेळ १ मिलिसेकंद आणि काम सारखंच धरलं तर आकडा २.३ येतो. पर्सेंटाइल किंवा हिस्टोग्राम मिळत असेल तर तोच घ्यावा. २००८ च्या शेवटी सन कंपनीत असताना ब्रेंडन ग्रेग या इंजिनिअरने चालू डिस्कच्या ट्रेपुढे उभं राहून ओरडून दाखवलं होतं आणि कंपनामुळे लेटन्सी वाढल्याचं हीटमॅपवर ठळक उमटलं, नुसत्या सरासरीच्या रेषेत ते कितपत कळलं असतं हा प्रश्नच आहे.

सुधारणा : सगळं ठीक चालू असतानाचं, महिनाअखेर आणि बॅकअपच्या रात्रींसकट मोजलेलं बेसलाइन हाताशी नसेल तर सुधारणा झाली की नाही हे सांगताच येत नाही. ते असलं की क्रम साधारण असा, आधी सर्व्हरची बाजू म्हणजे क्यू डेप्थ, मल्टिपाथिंग म्हणजे एकापेक्षा जास्त रस्त्यांचा वापर (व्हीएमवेअरचं राउंड रॉबिन मुळात १,००० आयओंनंतर रस्ता बदलतं, बऱ्याच अ‍ॅरे कंपन्या तो आकडा १ करायला सांगतात) आणि जुन्या सिस्टिमवर पार्टिशनचं अलाइनमेंट, कारण ६३ व्या सेक्टरपासून सुरू झालेल्या पार्टिशनमुळे एका आयओचे अॅरेवर दोन होऊ शकतात, विंडोज सर्व्हर २००८ पासून सुरुवातच १ एमबीवर होते. मग नेटवर्क, तिथे एखादा हळू डेटा घेणारा सर्व्हर बफर क्रेडिट (पुढे डेटा पाठवायची परवानगी) अडवून इतरांनाही थांबवतो. मग अ‍ॅरेच्या आत लन दोन्ही कंट्रोलरवर सारखे वाटणं, गरम डेटा फ्लॅशवर हलवणारं टिअरिंग, शेजाऱ्याला त्रास देणाऱ्या लनवर मर्यादा. रिबिल्ड (बिघडलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर परत उभा करणं) किंवा बॅकअप त्याच वेळी चालू होता का हेही विचारायचं. दूरच्या साइटवर सिंक्रोनस कॉपी (तिथेही लिहून झाल्यावरच राइट पुरा धरणारी) असेल तर प्रकाशाची मर्यादा आहे, फायबरमध्ये १ किमीला सुमारे ५ मायक्रोसेकंद, १०० किमीला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद, तो कुठल्याही ट्यूनिंगने कमी होत नाही. नवीन डिस्क किंवा नवीन अ‍ॅरे हा यातला शेवटचा उपाय, आणि बऱ्याच वेळा तिथपर्यंत जावंच लागत नाही.

फ्लॅश आल्यावर : ईएमसीने २००८ च्या जानेवारीत सिमेट्रिक्समध्ये फ्लॅश ड्राइव्ह आणले, नंतर पूर्ण फ्लॅशचे अ‍ॅरे आले आणि फेऱ्याचा-हेडचा हिशोब बाजूला पडला. अडचण आता कंट्रोलरच्या प्रोसेसरवर सरकली, कारण डीड्यूप (सारखा डेटा एकदाच ठेवणं) आणि कॉम्प्रेशन त्याच्यावरच चालतं, शिवाय ड्राइव्हच्या आतलं गार्बेज कलेक्शन (जुन्या, निकामी डेटाची जागा मोकळी करणं) मधेच लेटन्सीचा काटा वर चढवतं. फ्लॅश ड्राइव्हशी बोलायचा नवा प्रोटोकॉल, २०११ च्या एनव्हीएमई १.० ने क्यूचं बंधनही सैल केलं, साटा या जुन्या जोडणीच्या एका क्यूत ३२ कमांड मावतात, एनव्हीएमईमध्ये ६५,००० हून जास्त क्यू आणि प्रत्येकीत तेवढ्याच कमांडची सोय आहे.