पोकळ प्रकाशतंतूंद्वारे लेसर वायुसंवेदन

हवेत अत्यल्प प्रमाणात मिसळलेला वायू ओळखण्यासाठी व मोजण्यासाठी, तो आतून पोकळ असलेल्या प्रकाशतंतूत भरून त्यातून लेसर किरण पाठवण्याची पद्धत. प्रत्येक वायूचे रेणू ठरावीक तरंगलांब्यांचा प्रकाश शोषतात. मिथेनची अशी एक शोषणरेषा १.६५ मायक्रोमीटरच्या आसपास आहे, ३.३ मायक्रोमीटरजवळचे त्याचे शोषण कितीतरी तीव्र असते. लेसरचा विद्युत् प्रवाह किंचित कमीजास्त करून त्याची तरंगलांबी या रेषेवरून पुढेमागे सरकवली की पलीकडे पोहोचणाऱ्या प्रकाशातील घटीवरून वायूचे प्रमाण काढता येते.

बीअर-लँबर्ट नियमानुसार ही घट प्रकाशाने वायूतून कापलेल्या अंतरावरही अवलंबून असते. वातावरणातील मिथेन दहा लाख भागांत २ भागांहूनही कमी असल्याने हे अंतर वाढवावेच लागते. त्यासाठी रूढ असलेल्या, आरशांमध्ये किरण वारंवार परावर्तित करणाऱ्या कोष्ठाला वायूचा बराच मोठा नमुना लागतो आणि आरसे जरा हलले तरी मापन बिघडते. याउलट, १० मायक्रोमीटर व्यासाची पोकळी असलेल्या १ मीटर तंतूत ०.१ मायक्रोलिटरपेक्षाही कमी वायू मावतो, आणि तरीही प्रकाश व वायू संपूर्ण लांबीभर एकत्र राहतात. काचेपेक्षा हवेचा अपवर्तनांक कमी असल्यामुळे नेहमीच्या पूर्ण आंतरिक परावर्तनाने प्रकाश पोकळीत कोंडता येत नाही. पोकळीभोवतीच्या काचेतील सूक्ष्म छिद्रांची नियमित जाळी हे काम करते. असा तंतू ब्रिटनमधील बाथ विद्यापीठातील संशोधकांनी १९९९ मध्ये सादर केला.

इतक्या अरुंद नळीत वायू शिरायला मात्र वेळ लागतो, आणि लांबी दुप्पट केली की तो वेळ सुमारे चौपट होतो. त्यामुळे वायू दाबाने ढकलतात, किंवा लेसरने तंतूच्या कडेला बारीक छिद्रे पाडतात. पण प्रत्येक छिद्रातून थोडा प्रकाश निसटतो. याहून चिवट अडचण म्हणजे तंतूतून एकाच वेळी अनेक मार्गांनी जाणाऱ्या प्रकाशाचे आपसातील व्यतिकरण (लहरी एकमेकींत मिसळून प्रकाश कमीजास्त होणे), कारण त्यातून उमटणारे चढउतार शोषणरेषेसारखेच दिसू शकतात आणि खऱ्या संकेताला झाकून टाकतात.

प्रकाशतापीय पद्धतीत प्रकाशाची घट मोजतच नाहीत. एका लेसरचा प्रकाश शोषून वायू किंचित तापतो, त्याचा अपवर्तनांक बदलतो आणि त्यामुळे दुसऱ्या लेसरच्या प्रकाशात पडलेला कलाबदल (लहरींचे किंचित पुढेमागे सरकणे) व्यतिकरणमापकाने टिपला जातो. पोकळी अरुंद असल्यामुळे प्रकाशाची तीव्रता तिथे एकवटते आणि हा परिणाम बळावतो. हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये या पद्धतीने अॅसिटिलीनची अब्ज भागांत सुमारे २ भाग इतकी बारीक शोधमर्यादा गाठली.