आधाररेषा-दुरुस्ती (वर्णपटविज्ञान)

वर्णपटलेखात (तरंगलांबीनुसार प्रकाशाची तीव्रता दाखवणाऱ्या आलेखात) शिखरांखालून हळूहळू चढणारी, उतरणारी किंवा वाकणारी पार्श्वभूमी अजमावून ती वजा करण्याची क्रिया. ही पार्श्वभूमी तशीच ठेवली, तर शिखराची उंची व क्षेत्रफळ चुकते आणि त्यांवरून काढलेली संहती (नमुन्यातील द्रव्याचे प्रमाण) हीदेखील चुकते.

रामन वर्णपटात मुख्य अडथळा अनुस्फुरणाचा, म्हणजे प्रकाश शोषून द्रव्याने स्वतः उजळण्याचा. रामन प्रकीर्णन (रेणूंवरून तरंगलांबी बदलून विखुरणारा प्रकाश) इतके क्षीण असते की नमुन्यातील लेशमात्र अनुस्फुरक द्रव्यही त्याला झाकून टाकते. ५३२ऐवजी ७८५ किंवा १०६४ नॅनोमीटरचा लेसर वापरल्यास अनुस्फुरण सहसा घटते; मात्र प्रकीर्णन तरंगलांबीच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असल्याने मूळ संकेतही मंदावतो. अवरक्त वर्णपटात पोटॅशियम ब्रोमाइडाच्या चकतीतले कण जाडसर राहिले, तर प्रकीर्णनामुळे रेषा तिरपी होते. अशा वेळी गणिताकडे वळण्याआधी चूर्ण पुन्हा खलावे, हे उत्तम.

शिखराच्या दोन्ही पायथ्यांना जोडणारी सरळ रेषा ही सर्वांत साधी रीत. त्यापुढे बहुपदी वक्र येतात. सध्या विशेष रूढ असलेली असममित लघुतम वर्ग रीत (बिंदू व वक्र यांतील अंतरांच्या वर्गांची बेरीज किमान करणारी, पण वरच्या-खालच्या बिंदूंना वेगळे महत्त्व देणारी) आयलर्स व बुलन्स यांच्या २००५ मधील टिपणाशी जोडली जाते. वक्राच्या वर राहणाऱ्या बिंदूंना अत्यल्प भार (०.००१ ते ०.१) आणि खालच्यांना जवळजवळ पूर्ण भार दिल्याने वक्र शिखरांखाली बसतो. त्याची ताठरता ठरवणारा गुणक, म्हणजे वक्र गुळगुळीत राहावा या अटीचा जोर, शंभरापासून अब्जापर्यंत घेतला जातो.

या रीतीतील गुळगुळीतपणाच्या अटीचे मूळ मात्र वर्णपटविज्ञानात नाही. ते सामान्यतः व्हिटेकर यांच्या १९२३ मधील निबंधात दाखवतात. आयुर्विम्याच्या मृत्युमान कोष्टकांतील खडबडीत आकडे सारखे करणे हा त्याचा संदर्भ होता. हेंडरसन यांनी १९२४ मध्ये आकडेमोड सुकर केल्यामुळे विमागणितात दोघांचे जोडनाव रूढ झाले. तथापि बोलमान यांनी १८९९ मध्येच प्रथम फरकांच्या (लागोपाठच्या आकड्यांमधील फरकांच्या) वर्गांवर आधारलेली तशीच अट मांडली होती. व्हिटेकर यांची अट तृतीय फरकांवर (हेच फरक काढणे तीनदा केल्यावर येणाऱ्या आकड्यांवर) होती. कल्पनेचा अग्रमान बोलमान यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

असममित रीतीत वक्राची ताठरता कमी ठेवल्यास पाण्याच्या हायड्रॉक्सिल पट्ट्यासारखे रुंद शिखरही पार्श्वभूमी समजून वजा होते. वक्र न बसवता वर्णपटाचे द्वितीय अवकलज (उतार बदलण्याचा दर) घेतल्यास स्थिर व सरळ तिरपी आधाररेषा आपोआप नाहीशी होते, पण गोंगाट वाढतो. तो आवरण्यासाठी सवित्स्की व गोले यांची १९६४ मधील गुळगुळीत करण्याची रीत वापरतात.