नऊची शाळा चौथीपर्यंतच का?

८ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला, की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. त्याआधी डिसेंबरमध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी हा विषय काढला होता. मुलं हल्ली मध्यरात्रीपर्यंत जागी असतात, शाळेसाठी मात्र त्यांना लवकर उठावं लागतं, त्यामुळे वेळा बदला, असं त्यांचं म्हणणं. शासन निर्णयातली कारणं तर घरोघरच्या ओळखीची आहेत: बदललेली जीवनशैली, शहरांतलं ध्वनिप्रदूषण, मंगल कार्यालयांतली रात्री उशिरापर्यंतची गाणी, थंडी-पावसात पोरांचं आवरून त्यांना शाळेत पोचवताना पालकांची होणारी ओढाताण.

जिल्हा परिषदेच्या शाळांना यात फारसं नवं काही नव्हतं. शनिवारची आणि उन्हाळ्यातली सकाळची शाळा सोडली तर त्या बहुतेक दहा-साडेदहालाच भरतात. सातची घंटा वाजते ती शहरांत, कारण तिथे एका इमारतीत दोन सत्रं चालतात. दुपारी साडेबाराच्या सुमारास सकाळची मुलं फाटकातून बाहेर पडतात आणि त्याच फाटकातून दुपारची आत शिरतात. बाक तेच, फळाही तोच. कितीला उठायचं हे मुलांच्या झोपेवरून कधी ठरलंच नाही, ते वर्गखोल्यांच्या संख्येवरून ठरलं.

अमेरिकेत हेच काम बसने केलं. एकच बस सकाळी दोन-तीन फेऱ्या मारते. लहानग्यांना अंधारात थांब्यावर उभं करायला नको, म्हणून अनेक ठिकाणी पहिली फेरी हायस्कूलच्या मुलांच्या वाट्याला आली. उशिरा झोप लागण्याचं वय नेमकं त्यांचंच. ब्राउन विद्यापीठातल्या मेरी कार्स्काडन यांनी दाखवून दिलं, की वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं आणि झोपेची वेळ झाल्याचं कळवणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. हे संशोधन १९९०च्या दशकातलं, म्हणजे मुलांच्या हाती मोबाइल यायच्या आधीचं. नववीतला मुलगा अकरा वाजले तरी टक्क जागा असतो त्याचं सगळं खापर मोबाइलवर फोडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

१९९६मध्ये मिनेसोटातल्या इडायना गावाने हायस्कूलची वेळ ७.२०वरून ८.३०वर नेली. पुढच्याच वर्षी मिनीआपोलिस शहराने ७.१५ची शाळा ८.४०ला भरवली. २०१४मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरू नयेत अशी शिफारस केली. सिअ‍ॅटलने २०१६मध्ये ७.५०ची वेळ ८.४५ केली, तेव्हा संशोधकांनी मुलांच्या मनगटावर उपकरणं बांधून झोप मोजली. मुलं रोज सरासरी ३४ मिनिटं जास्त झोपत होती. वेळ पुढे नेली की पोरं आणखी उशिरा झोपतील, ही भीती तिथे खरी ठरली नाही. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला. जुलै २०२२पासून तिथली हायस्कुलं साडेआठच्या आधी भरत नाहीत.

म्हणजे जिथे हा वाद मुरला तिथे तो किशोरवयीन मुलांसाठी लढला गेला, आणि आपला नियम मात्र चौथीपाशी थांबतो. त्याला आपल्याकडची कारणं आहेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार पाचवीपर्यंत वर्षाला ८०० तास शिकवावं लागतं, सहावी ते आठवीला १,०००. मोठ्यांचं सत्र लांब, म्हणून ते लवकर सुरू करणं शाळांना सोयीचं पडतं. चौथीपर्यंतचीच वेळ बदलली तेव्हाही स्कूल बसवाल्यांनी विरोध केला. लहान-मोठी मुलं एका फेरीत येतात, वेळा वेगळ्या केल्या तर फेऱ्या वाढतील आणि त्याबरोबर पालकांचा खर्चही, हे त्यांचं गणित चुकीचं नव्हतं.

आठवी-नववीला नऊला बोलावलं तर दुपारचं सत्र रात्रीवर जातं. त्यामुळे आधी वर्गखोल्या वाढवायला हव्यात आणि जादा बससाठी पैसे ठेवायला हवेत. तो खर्च करावा असं मला ठामपणे वाटतं, आणि सुरुवात दोन सत्रांत चालणाऱ्या शहरी शाळांपासून व्हावी.