माळवदाच्या गावातून प्लॉटच्या गावात : किल्लारी परिसराच्या पुनर्वसनाची पार्श्वभूमी

लातूरहून औसा, लामजना मागे टाकून उमरग्याच्या दिशेनं निघालं की किल्लारीच्या आसपासची गावं वेगळी दिसू लागतात. सरळ रेषेतले रुंद रस्ते, आखीव प्लॉट, एका मापाची स्लॅबची घरं. नवख्याला वाटावं, एखाद्या कारखान्याची कॉलनी आहे. ही खरं तर तेरणा नदीच्या परिसरातली जुनी खेडी. भूकंपानंतर ती नकाशा काढून नव्या जागी वसवली गेली. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला दोन्ही गावं आठवतात, त्यामुळं बोलण्यात ‘आपल्या जुन्या गावात’ अजूनही येतं.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून लोक उशिरा झोपले आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे 8 हजार माणसं गेली. तसं पाहिलं तर इशारा वर्षभर आधी मिळाला होता. 1992 च्या पावसाळ्यापासून किल्लारीत धक्के बसत होते, ऑक्टोबरात एक मोठा बसला, काहींनी महिनोन्‌महिने अंगणात झोपून काढले. पण सरकारी नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. धक्के थंडावले तशी माणसं पुन्हा घरात झोपू लागली.

एवढी माणसं का गेली, याचं उत्तर बरंचसं घरांत आहे. इथली खाऊनपिऊन सुखी घरं माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची. दोन-अडीच हात जाडीच्या भिंती, आत-बाहेर दगडाचे दोन थर आणि मधल्या पोकळीत खडी-माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. वर तुळया, कड्या, फळ्या आणि त्यावर मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी गळती थांबावी म्हणून त्यावर आणखी माती टाकायची. आजोबांनी टाकलेली, बापानं टाकलेली, असं करत तो थर दोन-दोन फुटांवर गेलेला. हादऱ्यानं भिंती पोटातून फुटल्या आणि हा सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा पुष्कळ ठिकाणी तसाच उभा राहिला. कुडाच्या झोपडीतली गरीब माणसं त्या मानानं वाचली.

पण त्याच घराबद्दल म्हातारी माणसं आजही जिव्हाळ्यानं बोलतात, आणि त्याला कारण आहे. उन्हाळ्यात आत गारवा असायचा. माळवदावर पापड, कुरड्या, मिरच्या वाळायच्या, रात्री तिथंच अंथरुणं पडायची. शेजारच्या माळवदावरून पलीकडे बायकांची ये-जा चालायची, गल्लीत उतरायची गरज नाही. ज्वारी बळदात असायची, म्हणजे घरातच बांधून काढलेल्या कोठारात. वरच्या तोंडातून ओतायची, खालच्या भोकातून लागेल तेवढी काढायची. घर मोजायचं ते खणांवर, म्हणजे दोन तुळयांमधल्या जागांवर. भाऊ वेगळे झाले की खण वाटले जायचे, अंगण मात्र एकच राहायचं.

भूकंपानंतर पहिली दोन-तीन वर्षं बहुतेकांची पत्र्याच्या शेडमध्ये गेली. उन्हाळ्यात ते तापायचे, पावसाळ्यात बोलणं ऐकू यायचं नाही. याच काळात पुनर्वसनाचा आराखडा ठरला. जागतिक बँकेच्या कर्जावर मोठा कार्यक्रम आखला गेला. सर्वाधिक पडझड झालेली 52 गावं मूळ जागेवरून हलवायची, बाकीच्या गावांत पडलेली घरं जागेवरच बांधायची किंवा दुरुस्त करायची, असं ठरलं. जागेवरच्या दुरुस्तीत घरमालकाच्या हाती पैसे दिले गेले आणि गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमून काम पुढं नेलं गेलं. स्वयम्‌ शिक्षण प्रयोग या संस्थेचा त्यात मोठा वाटा होता. हलवलेल्या गावांत मात्र सरकार, नाहीतर गाव दत्तक घेतलेल्या संस्था आणि कंपन्या घरं बांधून देणार होत्या. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. गुबाळला तर घुमटाच्या आकाराची घरं उभी राहिली.

घर कुणाला किती, याचं माप सातबारा. भूमिहीन आणि 1 हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट, 1 ते 7 हेक्टरवाल्यांना 400, त्यावर जमीन असेल तर 750. कागदावर नियम सोपा, भांडणाला वाव कमी. पण जमीन बापाच्या नावावर आणि घरात तीन लग्न झालेली मुलं, असली कुटुंबं इथं घरोघर. शेतमजुराच्या घरात माणसं आठ, घर अडीचशेचं. माझ्या मते या पुनर्वसनातला मूळ पेच इथं आहे. जुन्या गावात मोठ्या वाड्याच्या पाठीला पाठ लावून छोटं घर असायचं. नव्या आखणीत अनेक ठिकाणी एका मापाची घरं एका बाजूला आली, म्हणजे कुणाची जमीन किती, हे रस्त्यावरूनच कळू लागलं. जातीच्या गल्ल्या मोडाव्यात असं बऱ्याच कार्यकर्त्यांना वाटत होतं. काही गावांत लोकांनीच भावकी शेजारी-शेजारी मागून घेतली.

नवं गाव जुन्याच्या कित्येक पट पसरलं. त्याला लागलेली जमीन कुणाच्या तरी शिवारातली होती, मावेजा, म्हणजे सरकारी मोबदला, घेऊन ती गेली. शेत लांब पडलं, बैल बांधायला गोठा नाही, कडब्याची गंज रचायला जागा नाही. जिथं पाणी नव्हतं तिथं संडासात सरपण भरलं गेलं. आखणाऱ्यानं चुलीचा विचार केला नव्हता, म्हणून घराबाहेर पत्रा टाकून चूल मांडली गेली. पुढं त्या पत्र्याखालीच खरा संसार आला आणि स्लॅबच्या खोलीत धान्याची पोती, टीव्ही, पाहुणे. बळद गेलं, पत्र्याच्या कणग्या आल्या.

दगडाची भीती लोकांच्या मनात इतकी बसली होती की जुन्या घराचा चांगला घडवलेला दगडही कुणी भिंतीला घ्यायला तयार नव्हतं. तो ढिगाऱ्यात राहिला. पुढं कंपाउंडला, गोठ्याच्या ओट्याला तो हळूहळू वापरात आला. काही सागवानी तुळया, कोरीव चौकटी मात्र विकल्या गेल्या.

रुंद रस्त्यांचं नव्या गावात काय झालं तेही बघण्यासारखं आहे. कुणी ओटा पुढं काढला, कुणी म्हैस बांधली, कुणी मुलासाठी दोन खोल्या वाढवल्या. नकाशात मोकळी दाखवलेली जागा आता घराला चिकटलेली आहे. बाहेरून आलेले अधिकारी याला अतिक्रमण म्हणतात. अडीचशे फुटांत दोन पिढ्या राहिलेल्या माणसाला वेगळं काय करता आलं असतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

कागदांचं काम तर रेंगाळतच राहिलं. घर वापरात, पण मालकीचा कबाला हातात नाही, म्हणून बँकेचं कर्ज नाही आणि भावांच्या वाटणीची नोंदही नाही, ही तक्रार या गावांत वर्षानुवर्षं ऐकू येते. भूकंपग्रस्तांना सरकारी नोकरीत समांतर आरक्षण आहे. त्यामुळं जुनं गाव डोळ्यांनीही न पाहिलेली मुलं भरतीच्या अर्जात ‘भूकंपग्रस्त’ या रकान्यावर खूण करतात, आणि प्रमाणपत्रासाठी आजोबांच्या नावाचा, जुन्या गावातल्या घराचा उतारा शोधत तहसीलच्या चकरा मारतात.