एसी मोजायला मायक्रोकंट्रोलर हवाच का?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ॲम्प्लिफायर दुरुस्तीच्या टेबलांवर एक समज पक्का बसलाय: ऑडिओसारखा बारीक एसी (सतत दिशा बदलणाऱ्या विजेचा) सिग्नल मोजायला मायक्रोकंट्रोलर (कोडवर चालणारी छोटी चिप) लागतोच, डायोडच्या (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाच्या) सर्किटला ते झेपत नाही. यातलं अर्धंच खरं. सिलिकॉन डायोडला चालू व्हायलाच ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतात. २०० मिलिव्होल्टचा सिग्नल दारातच अडकतो.

पण तोच डायोड ऑप-ॲम्पच्या (सिग्नल प्रचंड वाढवणाऱ्या चिपच्या) फीडबॅकमध्ये, म्हणजे आउटपुटकडून इनपुटकडे परतणाऱ्या वाटेत, घाला. सिग्नल शून्यापासून जरासा हलला की आउटपुट आपणहून ०.७ व्होल्टची उडी मारतं आणि डायोडचा टोल भरून टाकतं. एक टीएल०७२ (दोन ऑप-ॲम्पची चिप), दोन डायोड, पाच रेझिस्टर, एक कपॅसिटर. काटा हलतो! (खूप वरच्या फ्रिक्वेन्सीला ही उडी वेळेत बसत नाही, तेवढं सोडा.)

खरी गोम वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. हे सर्किट सरासरी मोजतं, आरएमएस (सिग्नलची ताकद सांगणारं परिणामी मूल्य) नव्हे. साइन वेव्हला (गोलसर लाटेला) सरासरी १.११ ने गुणली की आरएमएस जमतो. स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लाटेच्या) इन्व्हर्टरवर मात्र त्याच गुणाकारामुळे मीटर ११ टक्के जास्त दाखवतो. बिचाऱ्या इन्व्हर्टरला उगाच नावं ठेवली जातात. तिथे एडी७३६ ही चिप लावा: खरा आरएमएस, तोही ॲनालॉगमध्येच, एका ओळीचा कोड न लिहिता.